अपरान्ताचा अमित पाऊस : ग्रीष्माखेरच्या भाकितांचा इतिहास

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सीताध्यक्षाची, म्हणजे शेतीवरील प्रमुख अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना पावसाची एक लहानशी मोजदाद येते. जांगल म्हणजे कोरड्या प्रदेशाचे पर्जन्यमान १६ द्रोण, पाणथळ प्रदेशाचे त्याच्या दीडपट, अवंतीचे २३ द्रोण, गोदावरीकाठच्या अश्मकाचे जांगलाहूनही कमी. आणि अपरान्ताचे व हिमालयाकडील भूमीचे ‘अमित’, म्हणजे ज्याला माप नाही असे. अपरान्त म्हणजे पश्चिम किनारा, आजच्या भाषेत कोकण आणि त्याच्या उत्तर-दक्षिणेचा पट्टा. कोठाराच्या आवारात एक हात रुंद तोंडाचे कुंड ठेवून पाऊस मोजावा, असेही हा ग्रंथ अन्यत्र सांगतो. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या राज्यव्यवहाराला पाऊस मोजता येतो हे ठाऊक होते. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तो सर्वत्र एका मापाने मोजून उपयोग नाही, हेही ठाऊक होते. किनाऱ्याचे माप निराळे, डोंगराचे निराळे, खोऱ्याचे निराळे. याच प्रकरणात आणखी एक मार्मिक सूचना आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांपैकी पहिल्या आणि शेवटच्या महिन्यात मिळून एक तृतीयांश व मधल्या दोन महिन्यांत दोन तृतीयांश पाऊस झाला, तर ते वर्ष चांगले समजावे. एकूण पाऊस किती, याबरोबरच तो केव्हा, हा प्रश्नही तेथे विचारलेला आहे. भारतातील पर्जन्यभाकिताचा पुढचा सारा इतिहास या दोन साध्या प्रश्नांभोवती, ‘कोठे’ आणि ‘केव्हा’ यांभोवती, फिरत राहिला आहे. आणि जेव्हा जेव्हा भाकिताने त्यांच्याकडे पाठ फिरवली, तेव्हा तेव्हा ते अंकांनी खरे ठरूनही माणसाच्या उपयोगी पडले नाही, असे या इतिहासाकडे पाहिले असता दिसून येते.

मराठीत या व्यवहारासाठी दोन शब्द रूढ आहेत. ‘भाकीत’ आणि ‘अंदाज’. भाकणे हे क्रियापद भविष्य सांगण्यासाठी वापरले जाते तसेच ते करुणा भाकण्यासाठीही वापरले जाते. सांगणारा आणि याचना करणारा, दोघांची क्रिया भाषेने एकाच धातूत बांधली आहे. ‘अंदाज’ हा फारसीतून आलेला शब्द मात्र मोजणाऱ्याचा, हिशेबी माणसाचा आहे. त्यात चूक गृहीत धरलेली असते. ग्रीष्माच्या अखेरीस, रोहिणी नक्षत्र संपत आलेले असताना, या देशातील माणूस आभाळाकडे पाहतो तेव्हा त्याच्या पाहण्यात या दोन्ही शब्दांचे अर्थ एकवटलेले असतात. कोकणात ही आगोटीची वेळ असते. घरे शाकारून झालेली, जळण आणि सुकी मासळी माळ्यावर चढलेली, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवण्याची घाई असते. भाताच्या रोपांसाठी राब भाजून तयार असतात. घाट चढून देशावर आले की निराळे दृश्य दिसते. तेथे कुळवलेली जमीन वळवाच्या एखाद्या सरीने भिजून पुन्हा तापलेली असते, आणि पेरणीयोग्य वाफसा केव्हा येईल याची वाट पाहणारा शेतकरी बियाण्याचे पैसे कोठून उभे करायचे याच्या विवंचनेत असतो. किनाऱ्यावरचा प्रश्न बहुधा ‘किती लवकर’ असा असतो. पठारावरचा प्रश्न ‘येईल का, आणि आला तर टिकेल का’ असा असतो. पहिल्या पावसावर विसंबून पेरावे आणि मग पंधरा-वीस दिवस आभाळ कोरडे राहावे, म्हणजे दुबार पेरणीचे संकट. या एका निर्णयावर अनेक घरांचे वर्ष अवलंबून असते.

या निर्णयाला आधार देण्याचा पहिला प्रयत्न ज्योतिषाने आणि लोकपरंपरेने केला. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मेघांच्या गर्भधारणेचा विस्तृत विचार आहे. हिवाळ्यात दिसणारे ढग, वारे, वीज, सूर्यचंद्राभोवतीची खळी ही गर्भाची लक्षणे, आणि १९५ दिवसांनी त्या गर्भाचा प्रसव म्हणजे पाऊस, अशी ही उपपत्ती. आज ती शास्त्र म्हणून टिकणारी नसली, तरी पावसाळ्याचे कारण पावसाळ्याच्या कित्येक महिने आधीच्या वातावरणात शोधावे, ही तिच्यामागची दृष्टी दुर्लक्षिण्याजोगी नाही. पुढे देशोदेशींच्या बोलींत हे ज्ञान म्हणींच्या आणि ओव्यांच्या रूपाने उतरले. हिंदी प्रदेशात घाघ, राजस्थानात भड्डली, बंगालात खना, मिथिला आणि आसामात डाक, महाराष्ट्रात सहदेव-भाडळी. नावे निराळी, पण कार्य एकच. मराठी शेतकऱ्याने नक्षत्रांना माणसांची नाती बहाल केली. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. मघांचा सासूचा, पूर्वांचा सुनेचा. पंचांगकर्त्याने सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून, नवाने भागून, उरलेल्या बाकीवरून पावसाचे वाहन ठरवले, आणि बेडूक, म्हैस, हत्ती ही वाहने पाण्याची तर गाढव, कोल्हा ही ओढीची असा संकेत रूढ केला. विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यातील भेंडवळ येथे अक्षय्यतृतीयेच्या संध्याकाळी घटमांडणी होते. खड्ड्यात ठेवलेल्या घटाभोवती निरनिराळी धान्ये मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या हालचालीवरून पीकपाण्याचे भाकीत सांगतात.

या परंपरेचे मूल्यमापन करताना दोन टोके टाळली पाहिजेत. पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते हा भाबडा अभिमान एका टोकाला, आणि ही सारी अंधश्रद्धा आहे हा तुच्छतावाद दुसऱ्या टोकाला. वाहनाचे गणित हे केवळ गणित आहे. त्याचा ढगांशी संबंध नाही, आणि सगळ्या प्रांतांना एकच वाहन देणारे पंचांग कौटिल्याच्या पहिल्या प्रश्नाचेही उत्तर देत नाही. परंतु टिटवीने अंडी उंचावर घातली की सखल जागी, वारा कोणत्या दिशेने फिरला, समुद्राचा रंग आणि गाज कशी बदलली, ही निरीक्षणे एका गावाची, एका किनाऱ्याची होती. ती चुकत असत. मात्र ती चुकली तर सांगणाराही त्याच गावात उपाशी राहत असे. सांगणारा आणि ऐकणारा एकाच आभाळाखाली असणे, हे या परंपरेचे बळ होते. तिचे दुबळेपण असे, की तिने आपल्या चुकांची नोंद ठेवली नाही. खरी ठरलेली भाकिते म्हणींत राहिली, खोटी ठरलेली विस्मृतीत गेली.

नोंद ठेवणारी दृष्टी एकोणिसाव्या शतकात आली, आणि महाराष्ट्रात तिचा आरंभ मोठ्या अर्थपूर्ण रीतीने झाला. मुंबईतील कुलाब्याच्या वेधशाळेत तरुणपणी काम केलेले केरो लक्ष्मण छत्रे पुढे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ या १८६० च्या ग्रंथाचे कर्ते झाले आणि आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने त्यांनी पंचांगशोधनाचे कार्य हाती घेतले. त्यातून पटवर्धनी पंचांग निघाले. एकाच व्यक्तीच्या आयुष्यात वेधशाळेचे उपकरण आणि पंचांगाचे पान समोरासमोर आले. जुन्या ज्ञानाची परीक्षा प्रत्यक्ष वेधांनी घ्यावी, ही छत्र्यांची भूमिका होती. पावसाच्या बाबतीत मात्र अशी परीक्षा घेण्यासाठी एका माणसाची विद्वत्ता पुरेशी नव्हती. देशभर पसरलेल्या पर्जन्यमापकांची आणि तारायंत्राची आवश्यकता होती.

ती व्यवस्था संकटांतून उभी राहिली. १८६४ साली कलकत्त्यावर भीषण चक्रीवादळ कोसळले; १८६६ आणि १८७१ या वर्षी मोसमी पावसाने दगा दिला. किनाऱ्यावरचा प्रकोप आणि अंतर्भागातला दुष्काळ, या दोन अनुभवांनंतर १८७५ साली भारतीय हवामानखात्याची स्थापना झाली आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख झाले. खाते जेमतेम उभे राहते तोच १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ आला. त्यात दख्खन आणि मद्रास इलाखा होरपळून निघाला, पुढच्या वर्षी उत्तरेकडेही पाऊस गेला. १८७७ साली देशाच्या एकूण मोसमी पावसात एक चतुर्थांशाहून अधिक तूट होती. पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली, असे मानले जाते. आणि त्याच काळात धान्याची निर्यात चालू होती.

या दुष्काळाची कारणमीमांसा करताना दोन भाषा समोरासमोर उभ्या राहिलेल्या दिसतात. १८७७ साली नॉर्मन लॉकियर आणि विल्यम हंटर यांनी सूर्यावरील डागांचा आणि हिंदुस्थानातील दुष्काळांचा संबंध जोडून दाखवण्याचा प्रयत्न केला. शास्त्रीय कुतूहल म्हणून त्यात गैर काही नव्हते. परंतु दुष्काळाचे मूळ सूर्यावर आहे असे एकदा ठरले, की पृथ्वीवरील राज्यकर्त्यांचा भार आपोआप हलका होतो. याच सुमारास, १८८३ मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ सिद्ध केला. त्यांनी बोट दाखवले ते सारावसुली, नोकरशाही, सावकारी आणि अज्ञान यांच्याकडे. पाऊस न पडणे हे आभाळाचे काम असेल; पण पाऊस न पडल्यावर माणूस मरणे हे जमिनीवरच्या व्यवस्थेचे काम आहे, हा भेद फुल्यांच्या विवेचनाने स्पष्ट केला. भाकिताच्या इतिहासात फुल्यांचे नाव सहसा घेतले जात नाही. ते घेतले पाहिजे, कारण भाकिताची मर्यादा कोठे संपते आणि राज्याची जबाबदारी कोठे सुरू होते, ही रेषा त्यांच्या लेखनात दिसते.

ब्लॅनफर्ड यांचे कार्य या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. हिमालयात वसंतात उशिरापर्यंत आणि दूरवर बर्फ पडले, तर त्यानंतरचा मोसमी पाऊस वायव्य व पश्चिम भारतात दुबळा ठरतो, असा संबंध त्यांनी १८८४ मध्ये मांडला. बर्फाने झाकलेली जमीन तापायला वेळ लागतो, आणि जमीन व समुद्र यांच्या तापमानातील जो फरक वाऱ्यांना ओढून आणतो तोच कमी पडतो, हे त्यामागचे तर्कशास्त्र. काही वर्षे प्रायोगिक अंदाज दिल्यानंतर ४ जून १८८६ रोजी हिंदुस्थान आणि ब्रह्मदेश यांसाठी पहिले नियमित मोसमी भाकीत प्रसिद्ध झाले. डोंगरावरील बर्फ पाहून खोऱ्यांतील आणि किनाऱ्यावरील पावसाविषयी बोलण्याची ही रीत नवी होती. कौटिल्याने ज्यांना ‘अमित’ म्हणून एका ओळीत ठेवले, त्या हिमालयाचा आणि अपरान्ताचा कार्यकारणसंबंध प्रथमच शोधला जात होता.

ब्लॅनफर्ड यांच्यानंतर आलेल्या जॉन एलियट यांनी आपली दृष्टी अधिक दूर नेली. हिमालयातील बर्फाबरोबरच मॉरिशस, ऑस्ट्रेलिया अशा दूरदूरच्या ठिकाणांचा वायुदाबही ते लक्षात घेऊ लागले. भाकिते तपशिलाने वाढत वाढत कित्येक पृष्ठांची झाली. आणि मग १८९९ साल उजाडले. त्या वर्षी पाऊस सरासरीहून अधिक होईल, असा एलियट यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात एक चतुर्थांशाहून अधिक तूट आली. विक्रम संवत १९५६ असल्यामुळे गुजरात आणि राजस्थानात हा दुष्काळ ‘छप्पनिया’ म्हणून ओळखला गेला. पन्नालाल पटेल यांच्या ‘मानवीनी भवाई’ या १९४७ च्या गुजराती कादंबरीत त्याचे जे चित्र आहे, त्यात हवामानखात्याचे भाकीत कोठेही येत नाही. ही गोष्ट लक्षणीय आहे. ज्यांच्यासाठी ते भाकीत करायचे होते, त्यांच्या जगात ते पोहोचलेच नव्हते. सरकारी कागदावरचा आशावाद आणि खेड्यातील उपासमार यांची भेट झाली नाही. या अपयशानंतर वृत्तपत्रांनी खात्यावर झोड उठवली आणि काही काळ भाकिते केवळ सरकारी अधिकाऱ्यांपुरती गोपनीय ठेवण्यात आली. चूक झाल्यावर ती का झाली हे लोकांना सांगण्याऐवजी सांगणेच बंद करावे, हा मार्ग त्या राजवटीला सोयीचा वाटला.

१९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर खात्याचे प्रमुख झाले. ते केंब्रिजचे गणिती. मद्रासच्या बंदर कचेरीत कारकुनी करणाऱ्या रामानुजनच्या कागदांचे मोल ओळखून १९१३ मध्ये विद्यापीठाकडे त्याची शिफारस करणाऱ्यांत त्यांचा समावेश होता. हवामानशास्त्राचे पूर्वसंस्कार नसलेल्या या गणित्याने खात्याची भाषाच बदलली. ‘असे वाटते’च्या जागी ‘इतका सहसंबंध आहे’ असे वाक्य आले. जगभरच्या केंद्रांतील वायुदाब, तापमान आणि पाऊस यांच्या आकड्यांचे परस्परसंबंध तपासण्याचे प्रचंड काम हाती घेण्यात आले, आणि यंत्रे नसलेल्या त्या काळात ते गणित हाताने केले ते भारतीय गणनिकांनी. त्यांतील बहुतेकांची नावे इतिहासात राहिली नाहीत. या श्रमातून १९२४ पर्यंत ‘दक्षिणी आंदोलन’ या संकल्पनेला आकार आला. प्रशांत महासागरावर वायुदाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूस तो उतरतो, आणि उलटही घडते. तराजूच्या पारड्यांप्रमाणे ही दोन महासागरांची उठबस चालते. पुढे १९६९ मध्ये याकोब ब्यर्क्नेस यांनी तिचा प्रशांत महासागरातील एल निनो या उष्ण प्रवाहाच्या घटनेशी सांधा जुळवला आणि आजच्या जागतिक हवामानशास्त्राचा एक आधारस्तंभ उभा राहिला.

वॉकर यांनी आणखी एक पाऊल उचलले. ते या लेखाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. सबंध देशासाठी एकच अंक सांगणे निरर्थक आहे हे ओळखून त्यांनी देशाचे वायव्य भारत, द्वीपकल्प आणि ईशान्य भारत असे विभाग पाडले आणि त्यांची भाकिते वेगवेगळी ठरवली. कौटिल्याच्या मोजदादीशी नाते सांगणारी ही कृती होती. फरक इतकाच, की कौटिल्याने अपरान्त आणि अश्मक यांना वेगळे ठेवले होते, तर द्वीपकल्पाच्या एका विभागात दोन्ही एकत्र आले. गंमत अशी, की ज्या पावसाचे भाकीत करण्यासाठी हे सारे आरंभले, त्याचे भाकीत मात्र फारसे सुधारले नाही. खात्याचे एक माजी प्रमुख चार्ल्स नॉर्मंड यांनी १९५३ साली या विसंगतीवर नेमके बोट ठेवले. मोसमी पावसाचे आधी भाकीत करणे अवघड आहे. उलट मोसमी पावसावरून पुढे जगात इतरत्र काय घडेल हे सांगणे अधिक सोपे आहे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. भारतीय शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता शास्त्राला जगाविषयीचे मोठे सत्य सापडले. शेतकऱ्याचा प्रश्न तेथेच राहिला.

हे खाते स्वतःही किनारा, डोंगर आणि खोरे असे फिरत आले, हा एक विलक्षण योगायोग. मुख्य कचेरी प्रथम कलकत्त्याला होती. १९०५ मध्ये ती सिमल्याला गेली. १९२८ मध्ये पुण्याला आली, आणि १९४४ मध्ये दिल्लीला. पुण्यात शिवाजीनगर भागातील घड्याळाच्या मनोऱ्याची ती देखणी इमारत अजूनही ‘सिमला ऑफिस’ या नावाने ओळखली जाते. मुळा-मुठेच्या खोऱ्यातील एका चौकाला हिमालयातील गावाचे नाव लाभावे, आणि ते नाव उच्चारताना त्याचा पावसाशी काही संबंध आहे हे बहुतेकांच्या मनातही येऊ नये, हाही इतिहासाचाच एक विनोद म्हणावा लागेल.

पुणे हे ठिकाण एका दृष्टीने अत्यंत समर्पक होते. मोसमी पाऊस एकाच मापाने मोजता येत नाही, हे सह्याद्रीइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसते. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाने जड झालेले वारे कोकणपट्टी ओलांडून घाटाच्या भिंतीवर आदळतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर आपले ओझे रिते करतात. पलीकडे उतरताना ते पुन्हा तापतात, कोरडे होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो; तेथून घाट उतरून कृष्णेकाठच्या वाईला यावे तो आकडा हजाराच्याही खाली येतो; आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस माणदेशात तो पाचशेच्या आसपास घुटमळतो. एका जिल्ह्यात अपरान्त आहे आणि जांगलही. व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अखेरीस दुष्काळाने धनगरांची वाडी ओस पडते. ज्या पावसाळ्यांत महाबळेश्वरी ढग हटत नाहीत, त्यांतील एखाद्या पावसाळ्यानंतरही हे घडू शकते. ‘सातारा जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस’ या वाक्यात माणदेशातील मेंढपाळाला सांगण्याजोगे काहीच नसते. १९७२ च्या दुष्काळाने हे महाराष्ट्रभर दाखवून दिले. त्या वर्षी देशाचाच पाऊस सुमारे एक चतुर्थांशाने कमी होता. पण तुटीचे चटके सर्वांत जास्त बसले ते पर्जन्यछायेतील पट्ट्याला. त्या दुष्काळात आकार घेतलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे अधिष्ठान मिळाले. आभाळाचे उत्तर आभाळात न शोधता जमिनीवर शोधण्याचा तो प्रयत्न होता. फुल्यांनी दाखवलेल्या रेषेच्या अलीकडचा.

स्वातंत्र्योत्तर काळात भाकितावरचा विश्वास परत मिळवून दिला तो १९८८ च्या प्रतिमानाने. वसंत गोवारीकर आणि त्यांचे सहकारी यांनी १६ घटकांच्या आधारे मोसमी पावसाचे गणित मांडले. त्यात हिमालयातील आणि युरेशियातील बर्फ, एल निनो, निरनिराळ्या ठिकाणचे तापमान, वायुदाब आणि वारे यांचा समावेश होता. म्हणजे ब्लॅनफर्ड, एलियट आणि वॉकर या तिघांचाही वारसा एकत्र आला होता. १९८८ ला भरपूर पाऊस झाला, भाकीत खरे ठरले, आणि त्यानंतर तपाहून अधिक काळ देशाचा एकूण पाऊस सरासरीच्या आसपास राहिला. गोवारीकर हे नाव मराठी घरांत पावसाशी जोडले गेले. मग २००२ आले. सरासरीच्या १०१ टक्के असा अंदाज होता. जुलै महिन्यात निम्म्याच्या आसपास पाऊस झाला आणि हंगामाअखेर आकडा ८१ टक्क्यांवर थांबला. परंतु १८९९ आणि २००२ यांत एक मोठा फरक आहे. २००२ नंतर भाकिते गोपनीय झाली नाहीत. चूक जाहीरपणे तपासली गेली, प्रतिमान बदलण्यात आले, २००३ पासून अंदाज दोन टप्प्यांत देण्यास आरंभ झाला आणि २००७ मध्ये पद्धत पुन्हा बदलली. खऱ्या ठरलेल्या अंदाजांनी शास्त्राची प्रतिष्ठा वाढते. त्याची नैतिकता सिद्ध होते ती चुकलेल्या अंदाजानंतरच्या वर्तनावरून.

तथापि देशाच्या सरासरीचा मोह सुटलेला नव्हता. आज ही सरासरी, १९७१ ते २०२० या काळाच्या आधारे, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी ८७ सेंटिमीटर मानली जाते, आणि ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला की वर्ष ‘सर्वसाधारण’ ठरते. २००५ चा मोसम असाच सर्वसाधारण होता. त्याच मोसमात २६ जुलैला मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि शहराचा मोठा भाग बुडाला. त्याच शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्याच्या वेधशाळेत ही नोंद शंभराच्याही आत होती. २०१३ चा मोसम सरासरीहून काहीसा अधिक, म्हणजे आनंदाचा. आणि त्याच वर्षी जूनच्या मध्यात केदारनाथचे खोरे उद्ध्वस्त झाले. मोसमी वाऱ्यांचा कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला की मध्य भारतात पाऊस खंड घेतो आणि त्याच दिवसांत पायथ्याशी महापूर येतात. डोंगराचा अतिरेक आणि पठाराची तहान ही एकाच घटनेची दोन अंगे असतात. दोहोंची बेरीज करून भागाकार केला तर उत्तर ‘सर्वसाधारण’ येते. त्या उत्तरात कोणीही राहत नाही.

ही जाणीव शास्त्रालाही झालेली आहे. २०२१ पासून देण्यात येणाऱ्या अंदाजांत देशाच्या आकड्याबरोबर वायव्य, मध्य, दक्षिण द्वीपकल्प आणि ईशान्य अशा विभागांचे, तसेच कोरडवाहू शेतीच्या प्रदेशाचे अंदाज स्वतंत्रपणे येतात. पाऊस कमी, सर्वसाधारण वा अधिक होण्याची शक्यता किती, हे टक्केवारीत सांगितले जाते. ‘होईल’ या क्रियापदाची जागा ‘होण्याची शक्यता इतकी’ या रचनेने घेतली. भाषेच्या दृष्टीने हा बदल लहान नाही. भाकीत सांगणाऱ्याने आपल्या अज्ञानाचे मापही सोबत सांगावे, ही प्रामाणिकपणाची वरची पायरी आहे. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत मात्र हे माप गळून पडते आणि एकच ठळक आकडा उरतो. ऐकणाऱ्याला निश्चिती हवी असते. सांगणाऱ्यापाशी ती नसते. आणि मधला मध्यस्थ ती परस्पर निर्माण करतो. पंचांगातील वाहनाचे सामर्थ्य हेच होते.

या इतिहासाचा अर्थ उलगडणारा एक प्रसंग २०१५-१६ चा आहे. २०१५ च्या जूनमध्ये अंदाज होता ८८ टक्के. प्रत्यक्षात पाऊस झाला ८६ टक्के. दीडशे वर्षांच्या परिश्रमांचे सार्थक वाटावे इतके हे भाकीत अचूक होते. मराठवाड्यात तूट देशाच्या तुटीहून कितीतरी मोठी होती, मांजरा धरण कोरडे पडले, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरची तहान भागवण्यासाठी मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी धावली. कृष्णेच्या खोऱ्यातील पाणी रुळांवरून गोदावरीच्या खोऱ्यात गेले. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला अमित पाऊस टाक्यांत मोजून प्राचीन अश्मकाच्या परिसरात पोहोचवला गेला. भाकीत चुकले असते तर दोष देण्यास जागा होती. ते बरोबर होते. जूनमध्ये कळलेली गोष्ट एप्रिलपर्यंत दहा महिने कळलेलीच होती. त्या दहा महिन्यांत कोणती पिके उभी राहिली, धरणातील पाणी कोणाला मिळाले, विहिरी किती खोल गेल्या, हे प्रश्न हवामानशास्त्राच्या कक्षेतले नाहीत.

ग्रीष्माच्या अखेरीस दरवर्षी देशाच्या राजधानीतून पावसाचा अंदाज घोषित होतो. त्याच सुमारास किनाऱ्यावर होड्या ओढल्या जातात, घाटमाथ्यावर पहिले ढग अडतात, आणि खोऱ्यांतून माणसे बियाण्यासाठी हात पसरतात. अंदाज वर्षागणिक अधिक सूक्ष्म होत जाईल, विभागांचे उपविभाग होतील, जिल्ह्याचा आणि पुढे गावाचाही आकडा मिळेल. कौटिल्याने पर्जन्यमापनाचे कुंड धान्याच्या कोठारात ठेवायला सांगितले होते, वेधशाळेत नव्हे. पाऊस मोजण्याची जागा आणि धान्य साठवण्याची जागा त्याच्या कल्पनेत एकच होती. एकोणिसाव्या शतकापासून या दोन जागा एकमेकींपासून दूर गेल्या. त्या पुन्हा जवळ येत नाहीत तोवर खऱ्या ठरलेल्या भाकितानंतरही भाकण्याचा दुसरा अर्थ, करुणेचा, या देशातील शेतकऱ्याच्या वाट्याला येत राहील.